आमच्या मुलांचे खरे गुण आम्हाला कळू द्या

प्रति,
मा. मुख्य कार्यकारी अधिकारी आणि मा. शिक्षणाधिकारी (प्राथमिक),
जिल्हा परिषद

सविनय नमस्कार.

आपल्याच जिल्ह्यातल्या एका वाडीवरच्या जिल्हा परिषद शाळेच्या व्यवस्थापन समितीची मी अध्यक्षा आहे. शाळा पहिली ते सातवी, पट 31. माझी मुलगी तिथेच सहावीत शिकते. मी गणित घेऊन बी.एस्सी. झाले आणि लग्नानंतर इथे आले. आता नवऱ्याबरोबर किराणा दुकान चालवते. हे पत्र आधी कार्यालयात देऊन पोच घेतली होती. दीड महिन्यात उत्तर आलं नाही, म्हणून तेच आता सगळ्यांसमोर ठेवते आहे. जिल्ह्यातल्या प्रत्येक आईबापाने ते वाचावं अशी इच्छा आहे.

ऑगस्टमधल्या पायाभूत चाचणीनंतर एकाच आठवड्यात शाळेत दोन कागद आले. पहिल्यात लिहिलं होतं की ज्या शाळांची गणिताची सरासरी साठ टक्क्यांखाली आहे, त्यांच्या मुख्याध्यापकांनी सात दिवसांत लेखी खुलासा द्यावा. दुसऱ्यात आमच्या शाळेतल्या गणित-विज्ञानाच्या पदवीधर शिक्षकांना पुढील आदेशापर्यंत माहिती संकलनाच्या कामगिरीवर तालुक्याला बोलावलं होतं. सहावीची सरासरी 66 आल्यामुळे खुलाशाची वेळ आमच्यावर आली नाही, आणि मुख्याध्यापकांना हायसं वाटलं. मला तसं वाटलं नाही, कारण हे 66 कुठून आले ते मला ठाऊक आहे.

सहावीत नऊ मुलं आहेत. चाचणीच्या दिवशी सात हजर होती आणि दोघं तापाने घरी होती. ही दोघं वर्गात गणितात सगळ्यात मागे आहेत. हजर सातांची सरासरी 66, म्हणजे बेरीज 462. त्या दोघांना प्रत्येकी 21 गुण मिळाले असते तर बेरीज 504 झाली असती. नवाने भागा, 56 येतात. दोन मुलांना ताप आला म्हणून आमची शाळा खुलाशातून सुटली. शेजारच्या वाडीवरच्या शाळेत अशी दोन मुलं हजर राहिली असतील तर तिथल्या मुख्याध्यापकांना तो कागद भरावा लागला असेल. दोन्ही शाळांत शिकवण्याचा काही फरक असायचं कारण नाही.

आपला जिल्हा लहान आहे आणि डोंगरात विखुरलेला आहे. वाडीवाडीला शाळा आहे आणि एकेका वर्गात पाच, सात, नऊ मुलं. इतक्या थोड्या मुलांच्या सरासरीवर शाळांची क्रमवारी लावली की सगळ्यात वरती लहान शाळा येतात आणि सगळ्यात खालीही लहान शाळाच येतात. पुढच्या वर्षी त्याच शाळा जागा बदलतात. चाळीस मुलांच्या वर्गात एक हुशार मूल आलं किंवा एक मूल मागे पडलं तर सरासरी जेमतेम हलते, सहा मुलांच्या वर्गात ती उलथीपालथी होते. ही संख्याशास्त्रातली अगदी पहिल्या धड्यातली गोष्ट आहे. तरीही दर चाचणीनंतर केंद्रनिहाय (केंद्र म्हणजे आसपासच्या शाळांचा गट), तालुकानिहाय याद्या निघतात, वरच्या शाळांचा सत्कार होतो आणि खालच्यांना कागद जातो. या याद्यांवरून कोणत्या शाळेत गणित नीट शिकवलं जातं ते कळतं, असं आपण मनापासून मानता का?

आता दुकानातली गोष्ट सांगते. याच नऊ मुलांमधला एक मुलगा संध्याकाळी सामान न्यायला येतो. एकदा बिल 178 रुपये झालं आणि त्याने पाचशेची नोट दिली. मी गल्ला उघडेपर्यंत तो म्हणाला, "काकी, तीनशे बावीस." कसं काढलंस विचारलं, तर म्हणाला, एकशे अठ्ठ्याहत्तरला दोन घातले की एकशे ऐंशी, वीस घातले की दोनशे, मग वरचे तीनशे. मी बिलाच्या पाठीवर 500 आणि त्याखाली 178 असं उभं मांडून दिलं. त्याने लिहिलं 478. शून्यातून आठ जात नाहीत म्हणून त्याने आठ लिहिले, शून्यातून सात जात नाहीत म्हणून सात, आणि पाचातून एक गेले चार. "अरे, आत्ता तर तीनशे बावीस म्हणालास," असं म्हटल्यावर तो गोंधळून म्हणाला, "ते दुकानातलं, हे शाळेतलं."

हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. हातच्याची वजाबाकी त्याला येते. दशक सुटा करायचा म्हणजे काय करायचं ते त्याच्या बोटांना कळतं. पण जे त्याला येतं ते आणि कागदावरची खूण यांची कुणीतरी गाठ घालून द्यायला हवी, आणि ती कुणी घालून दिली नाही. असं होणारं हे एकटंच मूल नाही. कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या मुलांवरचा नोबेल विजेते अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा अभ्यास 2025 साली नेचर या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यातही हेच दिसलं. बाजारातले अवघड हिशेब तोंडी करणारी मुलं शाळेच्या पद्धतीने मांडलेल्या सोप्या उदाहरणांत अडतात. उलटही खरं निघालं, शाळेतली मुलं बाजारातल्या हिशेबात अडतात. ही मुलं मठ्ठ नाहीत. शाळेत त्यांना जे मिळायला हवं होतं ते मिळालेलं नाही.

त्या दिवसानंतर मी प्रथम संस्थेच्या असर या सर्वेक्षणाचा एक पानी गणिताचा कागद मिळवला. ही चाचणी 2005 पासून देशभर गावोगाव, घरोघर घेतली जाते. एका वेळी एकच मूल समोर बसतं. आधी संख्या ओळखायची, मग दोन अंकी हातच्याची वजाबाकी, मग तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागायचं. मी नऊही मुलांना आमच्या पडवीत एकेक करून बसवलं. तिघांना भागाकार आला. चौघं वजाबाकीपर्यंत पोचली. दोघांना वजाबाकीही जमली नाही, आणि त्यातला एक चाचणीच्या दिवशी हजर होता. प्रत्येक मुलाला दहा मिनिटंही लागली नाहीत. सगळं धरून दीड तासात मला जे कळलं, ते त्या 66 टक्क्यांनी कुणालाही कळवलं नव्हतं.

म्हणून माझी पहिली तक्रार आपण चाचणीला जो अर्थ दिला आहे त्याबद्दल आहे. चाचणी असायलाच हवी, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. आज तीच शिक्षक मंडळी चाचणी घेतात, तीच तपासतात, तीच गुण शिक्षण विभागाच्या चॅटबॉटवर भरतात, आणि त्याच गुणांवरून त्यांना खुलासा मागितला जातो. अशा चाचणीत गुण खरे कसे राहतील? आजूबाजूच्या चार शाळांतल्या पालकांशी मी बोलले. कुठे प्रश्न वाचून दाखवताना निम्मं उत्तर सांगितलं जातं, कुठे तशीच उदाहरणं आदल्या दिवशी फळ्यावर सोडवून घेतली जातात. कुणा एकावर बोट ठेवायला मी हे लिहीत नाही. या शिक्षकांनी मुलांवर जीव लावलेला मी पाहिला आहे. पण खरे गुण भरले की शिक्षा आणि वाढवून भरले की शाबासकी अशी सोय आपण केली आहे, आणि तिचा परिणाम मुलांवर होतो. वजाबाकी न येणाऱ्या त्या मुलाच्या नावापुढे समाधानकारक असा शेरा आहे. आता त्याच्यासाठी वेगळं काही करावं असं कुणाला का वाटेल? त्याची आई मला म्हणाली, "पास आहे ना तो, मग काय?" तिला मी काय सांगायचं ते आपणच सांगा.

दुसरी तक्रार शिक्षकांच्या कामगिरीची. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा अधिकार अधिनियम 2009 मध्ये आला. त्याच्या कलम 27 नुसार दहा वर्षांनी होणारी जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका यांखेरीज शिक्षकांना शिक्षणाबाहेरचं काम देता येत नाही. तालुक्याला बसून याद्या जुळवणं यातल्या कशात बसतं? त्याच कायद्याच्या अनुसूचीत सहावी ते आठवीसाठी विज्ञान-गणिताला किमान एक शिक्षक असावा असं स्पष्ट लिहिलेलं आहे. आमच्याकडे तो होता. आपण तो नेलात. आता सात वर्गांना दोन शिक्षक आहेत. त्यातले एक मुख्याध्यापक, आणि त्यांच्याकडे पोषण आहाराच्या नोंदी, यू-डायस (शाळेच्या माहितीची सरकारी नोंद), अपार आयडी (विद्यार्थ्याचा ओळख क्रमांक) आणि रोजची ऑनलाइन माहिती. सहावी-सातवीच्या मुलांना गणिताच्या तासाला पुस्तकातली उदाहरणं वहीत उतरवून काढायला सांगितलं जातं. माझी मुलगी अपूर्णांकांचा धडा तीन वेळा उतरवून घरी आली आहे. दोन तृतीयांश मोठे की तीन चतुर्थांश हे तिला अजून सांगता येत नाही.

वर 15 मार्च 2024 चा संचमान्यतेचा, म्हणजे पटावरून शाळेला किती शिक्षक मंजूर करायचे ते ठरवणारा, शासन निर्णय आहेच. सहावी ते आठवीचा पट कमी असलेल्या शाळांतली विषय शिक्षकांची पदं त्याने धोक्यात आणली. तो निर्णय राज्याचा आहे, आपला नाही, हे मला कळतं. पण आपल्या जिल्ह्यात बहुतेक वाड्यांवर पट कमीच असणार, हे आपण वरती किती वेळा आणि कोणत्या शब्दांत कळवलंत? ते पत्र असेल तर लोकांना दाखवा, आम्ही आपल्या बाजूने उभे राहू.

तिसरी तक्रार थोडी वेगळी आहे, आणि माझ्या मते सगळ्यात खोलवरची. आपल्याकडे गणिताबद्दलच्या सगळ्या बैठका टक्क्यांवर होतात, गणितावर होतच नाहीत. मूल नेमकं कुठे अडतं हे कुणी बोलत नाही. दुसरीतल्या मुलांबरोबर बसून बघा. "सत्तावीस लिही" म्हटलं की मूल आधी सात लिहितं आणि पुढे दोन, म्हणजे 72. त्याचं चुकलं असं म्हणवत नाही. आपली भाषा सात आधी उच्चारते आणि वीस नंतर, तसं त्याने लिहिलं. एकोणतीसमध्ये तर नऊही ऐकू येत नाही आणि दोनही ऐकू येत नाही. 2019 साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात वीस एक, वीस दोन असं संख्यावाचन आलं, तेव्हा राज्यभर गदारोळ झाला. डॉ. मंगला नारळीकर गणित समितीच्या प्रमुख होत्या आणि मुलांची हीच अडचण त्या पुन्हा पुन्हा सांगत होत्या. तेव्हा मीही विरोधात होते. एकवीस, बावीस हे आपले शब्द आहेत, ते का सोडायचे, असं मला वाटायचं. आज वाटतं की शब्द ठेवून अडचणीकडे बघायला हवं होतं. वीस आणि सात म्हणजे सत्तावीस, दोन दशक सात सुटे, हे काड्यांचे गठ्ठे हातात देऊन महिनाभर करून घेतलं की मूल उलटं लिहीत नाही. मी पाच मुलांबरोबर करून बघितलं आहे. पण आमच्या शाळा-केंद्राच्या शिक्षण परिषदेत अशा गोष्टीवर एक तास बोललं गेल्याचं मी ऐकलं नाही.

आमच्या शाळेत गणित पेटी आहे. दशकांचे गठ्ठे, मणीमाळ, खोट्या नोटा, अपूर्णांकांच्या चकत्या, सगळं आहे. कपाटाला कुलूप आहे, कारण वस्तू हरवली तर भरून द्यावी लागेल अशी भीती आहे. ही भीती घालवणारं एका ओळीचं पत्र आपण काढू शकता.

स्थलांतराबद्दल थोडक्यात लिहिते, आपल्याला ते नवीन नाही. दिवाळीनंतर आमच्या कातकरी वाडीतली मुलं आईबापांबरोबर वीटभट्टीवर जातात आणि पावसाच्या तोंडाला परततात. मूल जिथे जाईल तिथल्या शाळेत त्याला शिकता यावं म्हणून द्यायचं शिक्षण हमी कार्ड कागदावर आहे. दोन वर्षांत आमच्या एकाही मुलाला ते जाताना मिळालेलं नाही. भागाकार शिकवण्याच्या दिवसांत मूल भट्टीवर असतं, आणि पुढच्या वर्षी त्याला भागाकार येतो असं धरून अपूर्णांक सुरू होतात.

देशभराचं चित्रही फार वेगळं नाही, आणि ते लपवलेलं नाही. डिसेंबर 2024 मध्ये झालेल्या केंद्र सरकारच्या परख राष्ट्रीय सर्वेक्षणात गणितात तिसरीची देशाची सरासरी 60 टक्के होती, सहावीची 46 आणि नववीची 37. असर 2024 मध्ये ग्रामीण भागातल्या आठवीच्या मुलांपैकी 45.8 टक्क्यांना तो साधा भागाकार आला, म्हणजे निम्म्यांहून जास्त मुलांना आला नाही. देश स्वतःबद्दल हे उघड सांगू शकतो, तर आपल्या जिल्ह्याने स्वतःबद्दल सांगायला काय हरकत आहे? आमच्या शाळेची खरी सरासरी 40 असेल तर 40 सांगा. त्याची आम्हाला लाज वाटणार नाही. चाळीसवरून पुढे कसं जायचं ते ठरवता येतं. खोट्या 66 वरून कुठेच जाता येत नाही.

माझ्या आणि आमच्या समितीच्या मागण्या अशा आहेत.

1. आमच्या गणित-विज्ञानाच्या शिक्षकांची कामगिरी रद्द करून दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा उघडेल त्या दिवशी त्यांना वर्गावर परत पाठवा. जिल्ह्यात आज किती शिक्षक कामगिरीवर आहेत, कुठे आणि कशासाठी, याची यादी जाहीर करा.

2. चाचणीच्या सरासरीवरून खुलासे मागवणं आणि शाळांच्या क्रमवाऱ्या लावणं थांबवा. खुलासा मागायचाच असेल तर शिक्षक का नव्हता, पुस्तकं का उशिरा आली, याचा मागा, आणि तो वरच्या कार्यालयांकडून मागा.

3. वर्षातून एकदा प्रत्येक मुलाची समोरासमोर बसून दहा मिनिटांची तपासणी करा. ती त्या शाळेच्या शिक्षकांनी करू नये. डाएटचे (जिल्ह्याच्या शिक्षक प्रशिक्षण संस्थेचे) अधिव्याख्याते, डी.एल.एड. ही शिक्षक पदविका करणारे विद्यार्थी, गावातली शिकलेली मुलंमुली हे करू शकतील. निकाल मुलांची नावं न घेता ग्रामसभेत वाचून दाखवा, आणि ज्याचा त्याचा निकाल त्याच्या आईबापांना सांगा. तपासलेली उत्तरपत्रिका मुलाला घरी नेऊ द्या. आज ती आम्हाला दिसतही नाही.

4. तिसरी ते सातवीच्या मुलांना रोज एक तास इयत्ता बाजूला ठेवून, त्यांना येतं तिथून गणित शिकवा. आमच्यासारख्या शाळेत हे सोपं आहे, कारण वर्ग आधीच जोडून बसतात. या तासाला कुणीही फोन, माहिती, बैठक किंवा फोटो मागणार नाही असा आदेश काढा.

5. स्थलांतरित होणाऱ्या प्रत्येक मुलाला जाण्याआधी शिक्षण हमी कार्ड द्या. त्याला काय येतं आणि पुढे काय शिकवायचं ते त्यात लिहिलेलं असावं.

6. गणित पेटी वापरताना काही तुटलं किंवा हरवलं तर शिक्षकांकडून वसुली होणार नाही, हे लेखी द्या.

यातल्या पहिल्या, दुसऱ्या आणि सहाव्या मागणीला एक रुपयाही लागत नाही. तिसरीला माणसं लागतील. आमच्या वाडीपुरती ती आम्ही उभी करू, बारावी झालेल्या चार मुलींनी तयारी दाखवली आहे. आम्ही फक्त मागत बसलेलो नाही. दर मंगळवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी सहा ते सात आमच्या पडवीत मुलं गणिताला बसतात. ते दुकानातलं, हे शाळेतलं, असं म्हणणाऱ्या त्या मुलाला मी आता दुकानाचीच बिलं उभी मांडायला देते. गेल्या आठवड्यात त्याने 500 मधला एक शतक सुटा केला, मग त्यातला एक दशक सुटा केला, आणि कागदावर 322 लिहून माझ्याकडे बघितलं. पण एका किराणा दुकानदारणीच्या दोन तासांवर जिल्हा परिषदेची शाळा चालावी, हे आपल्यालाही पटणार नाही.

आमच्या समितीची पुढची सभा महिन्याच्या शेवटच्या शनिवारी सकाळी दहाला शाळेत आहे. आपल्यापैकी कुणीतरी यावं अशी विनंती आहे. स्वागताची तयारी नको, मुलांना रांगेत उभं करणार नाही. एक मूल निवडा, त्याच्यासमोर जमिनीवर बसा आणि त्याला एक वजाबाकी घाला. कागद आणि पेन्सिल आमच्याकडे आहे.

आपली,
अध्यक्षा, शाळा व्यवस्थापन समिती
आणि सहावीतल्या एका मुलीची आई